उभी रेघ आधी

टिलमनने कुंचला हिंगुळात बुडवला, शिंपल्याच्या कडेवर दोनदा निथळला आणि श्वास रोखून सोन्यावर उभी रेघ ओढली. वरून खाली, करंगळीच्या नखाएवढी. मग तिच्यावरून आडवी, डावीकडून उजवीकडे. क्रूस झाला. त्याने श्वास सोडला आणि तो पुढच्या डोक्याकडे सरकला.

त्या क्रूसाखाली सुताचा व्यापारी गोबेल याचा थोरला मुलगा हात जोडून गुडघ्यांवर बसला होता. तो दीड महिन्याचा असताना गेला होता. चित्राच्या लाकडी फळीवर मात्र तो बारा वर्षांचा होता. कानांवर रुळणारे केस, काळा झगा, गालांवर लाली. गेलेल्या मुलांना असंच काढायचं असतं. जिवंत भावंडांच्या रांगेत, त्यांच्यासारख्याच कपड्यांत, त्यांच्यासारख्याच तुकतुकीत गालांनी. फळी चर्चमध्ये घरच्या थडग्यावर टांगली की येणाऱ्याजाणाऱ्याने डोक्यांवरचे क्रूस मोजायचे आणि तेवढ्या जिवांसाठी प्रार्थना म्हणायची. मधोमध, मेलेल्या मुलाला मांडीवर घेतलेली मेरी होती. तिच्या डावीकडे गोबेल आणि त्याचे तीन मुलगे, उजवीकडे त्याची बायको बेला आणि पाच मुली. मुलग्यांतले दोन गेलेले, मुलींतल्या दोन. म्हणजे चार क्रूस. चित्रातलं हे सगळ्यात शेवटचं काम, आणि सगळ्यात सोपं.

चौथा क्रूस काढून झाल्यावर त्याने मान मागे घेतली, पण शेजारच्या डोक्याकडे पाहिलं नाही. गेले चार महिने फळीच्या त्या भागावर काम करताना त्याची नजर अशीच कडेकडेने जायची. बेलाच्या रांगेतली ती तिसरी मुलगी. गोबेलची आलाइड, वय वर्षं नऊ, जिवंत. पण चेहरा तिचा नव्हता.

गोबेलला सप्टेंबरात अँटवर्पच्या जत्रेला जायचं होतं आणि जायच्या आत मुलींचे चेहरे बघायचे होते. आलाइडला स्टुलावर बसवावं तर ती पोर एका जागी टिकेना. तिसऱ्या दिवशी टिलमनने तिला घरी धाडलं आणि तिच्या जागी आपल्या मुलीला, नेसाला बसवलं. दोघी एका वयाच्या, दोघींचं कपाळ मोठं. लहान मुलीचा चेहरा तो लहान मुलीचा चेहरा, असं तो तेव्हा म्हणाला होता. नेसा पावाचा तुकडा हातात धरून दोन सकाळी बसली. पाव संपला की उठायचं असं ठरलं होतं. ती तो कणाकणाने खात राहिली, कारण तिला उठायचं नव्हतं.

नोव्हेंबरात, संत मार्टिनच्या सणाआधी तिचा घसा धरला. चार दिवस.

नंतर दोनदा त्याने कागदावर कोळशाने तिला काढायला घेतलं. दोन्ही वेळा कागदावर एक नीटस, गोल हनुवटीची, कोणाचीही नसलेली मुलगी उमटली. पंचवीस वर्षं देवदूत काढलेला हात देवदूतच काढत होता. तेव्हा नेसाचा चेहरा आता जगात एवढ्या एकाच जागी होता, दोन बोटं रुंद, आणि ईस्टरला तो गोबेलच्या घरच्या थडग्यावर जाणार होता. तोही बेला हो म्हणाली तर. तिचा निरोप कालच आला होता. चेहरा आमच्या पोरीचा वाटत नाही असं ऐकते, शुक्रवारी आलाइडला घेऊन येते, चेहऱ्याशेजारी चेहरा धरून बघू. टिलमनने निरोप ऐकला आणि खरवडायचं पातं दगडावर घासून ठेवलं. घासताना त्याला काही वाटलं नाही. पात्याला धार चांगली आली होती, एवढंच त्याच्या लक्षात आलं.

दारावर दोनदा टकटक झाली. अंडं आलं होतं.

रंग भिजवायला रोज एक ताजं अंडं लागायचं. पूर्वी त्याची बायको स्टीना ते घेऊन सरळ आत यायची, वाटीच्या काठावर फोडायची, बलक या तळव्यावरून त्या तळव्यावर घेत कोरडा करायची आणि मग पाट्याशी बसून रंग घोटायला लागायची. ती ढाली रंगवणाऱ्याची मुलगी. लग्न झालं तेव्हा टिलमन तिला चिडवायचा की तुम्हा ढालवाल्यांना ना चेहरा येतो ना हात, नुसते पट्टे आणि क्रूस. ती म्हणायची, भाला अंगावर आला की तुमचे संत मागे पळतात, आमचे पट्टेच पुढे लागतात. नोव्हेंबरापासून तिने कामाच्या खोलीत पाय ठेवला नव्हता. अंडं उंबऱ्यावर ठेवायचं, टकटक करायची, निघून जायचं. टिलमन स्वतःच रंग घोटायचा.

आज पावलं लगेच गेली नाहीत. तो उठून दाराशी आला.

"कुनेगुंडे विचारत होती," स्टीना उंबऱ्याबाहेरून म्हणाली, "सगळं गाव चाळीस दिवस उपवासाला बसलंय नि तुमच्या घरचे संत तेवढे रोज अंडी कशी खातात म्हणून."

कुनेगुंडे म्हणजे शेजारची कोंबड्यांवाली म्हातारी. एरवी या बोलण्यावर दोघं हसले असते.

"संत पिवळंच खातात, म्हणावं. पांढरं ईस्टरला परत करतो."

"सांगते." ती तशीच उभी राहिली. "शुक्रवारी येणारेत ना त्या?"

"हो."

"मग?"

"मग काय? नाही म्हणाल्या तर खरवडायचं. रंगच आहे."

स्टीनाने पुढ्यातल्या फडक्याला हात पुसले. ते कोरडेच होते.

"किती वेळ लागतो?"

"कशाला?"

"खरवडायला."

त्याने विचार केला. "चार वेळा ‘आमच्या बापा’ची प्रार्थना म्हणून होईल, एवढा."

"हं." तिची नजर त्याच्या हातावर गेली. "ते काय झालंय तळव्याला?"

त्याने तळवा वळवून बघितला. अंगठ्याखाली नाण्याएवढा फोड आला होता, पिकत आलेला.

"सरसाचं भांडं असेल. गरम."

"कधी?"

तो फोडाकडे बघत राहिला. "काय माहीत."

तो म्हणाला की उद्या नदीपलीकडच्या मठात वेदीचं माप घ्यायला जातोय, गुरुवारी संध्याकाळी येईन. ती बरं म्हणाली. मग आत जाऊन त्याने फळीवर धूळ बसू नये म्हणून तागाचं फडकं टाकलं, कुंचले धुतले, उरलेल्या हिंगुळाची पुडी बांधून भिंतीतल्या खणात ठेवली.

मठात तीन दिवस त्याने मापं घेतली. दोरीला गाठी मारल्या, गाठी मोजल्या, पुन्हा मोजल्या. जेवताना एक साधू मोठ्याने पोथी वाचायचा आणि बाकीचे मान खाली घालून मासे खायचे. टिलमनला तिथे बरं वाटलं, कारण कोणी कोणाशी बोलत नव्हतं. गुरुवारी तो होडीने परतला. कॅथीड्रलच्या अर्धवट मनोऱ्यावरची दगड उचलायची यारी धुक्यात उभी होती, जन्मापासून बघत आला होता तशीच, रिकामी. घरी आल्यावर त्याने फळीवरचं फडकं उचललं नाही. शुक्रवारी उचलावंच लागणार होतं.

शुक्रवारी सकाळी अंडं उंबऱ्यावर होतं. स्टीना कपड्यांची टोपली घेऊन नदीवर गेली होती. कपडे तिने सोमवारीच धुतले होते, हे त्याच्या लक्षात आलं, पण विचारायला ती नव्हती.

गोबेल आधी आत आला. उंच, रुंद माणूस. दारात मान वाकवायची सवय असलेला. त्याच्यामागे बेला, काळ्या लोकरीच्या झग्यात, आणि तिच्या हाताला धरून आलाइड, गालात सुकवलेल्या पेअरचा तुकडा.

"थुंक तो," बेला म्हणाली.

"गिळते," आलाइड म्हणाली.

"मेस्त्री, कसे आहात?" गोबेलने विचारलं. "तुमच्या दुःखानंतर भेट नाही. मी अँटवर्पला अडकलो होतो. नदी गोठली, माल पडून राहिला."

"बरा आहे, मालक."

"देवाची इच्छा."

"हो."

एवढं बोलणं झाल्यावर सगळ्यांनाच हायसं वाटलं. टिलमनने फळी खिडकीकडे वळवली आणि फडकं ओढून काढलं. मार्चचा पांढरा उजेड सोन्यावर पडला. त्याने फळीकडे न बघता लोकांकडे बघितलं. गिऱ्हाईक चित्र बघत असताना चित्रकारानं गिऱ्हाइकाचं तोंड बघावं, हे तो बापाकडून शिकला होता.

गोबेलने आधी स्वतःला शोधलं आणि झग्याच्या लोकरी कडेवर त्याचं समाधान झालं. बेलाने मेरीकडे पाहून छातीवर क्रूसाची खूण केली. आलाइड पुढे झाली आणि बोट रोखून म्हणाली,

"ही तर नेसा."

ती आईकडे वळली.

"मी इथे असणार होते ना? तिसरी? ही नेसाच आहे. कान बघ तिचे." तिने मान कलती केली. "आणि क्रूस कशाला? माझ्या डोक्यावर क्रूस कशाला?"

तेव्हा टिलमनने फळीकडे पाहिलं. तिसऱ्या मुलीच्या केसांवर, बरोबर मधोमध, सोन्यावर लाल क्रूस होता. करंगळीच्या नखाएवढा. बाकीच्या चारांसारखाच.

बेलाचे ओठ हलत होते. ती मोजत होती. डावीकडचे दोन, उजवीकडचे तीन. पुन्हा एकदा.

"मेस्त्री," गोबेल हळू आवाजात म्हणाला, "माझी पोर जिवंत आहे."

"आहे, मालक."

"इथे उभी आहे. पेअर खातेय."

"संपला," आलाइड म्हणाली.

"तू गप्प. मेस्त्री, हे काय अभद्र करून ठेवलंय तुम्ही?"

टिलमनला हा पाचवा क्रूस आठवेना. सोमवारचे चार आठवत होते, एकेक. चौथ्यानंतर त्याने कुंचला धुतला होता. पण धुतला होता का? गेल्या महिन्यात तो एकदा शहराच्या दरवाजाबाहेर उभा होता आणि तिथवर कसा आला ते त्याला सांगता आलं नसतं. तळव्यावरचा फोड त्याने पाहिला तो स्टीनाने विचारल्यावर. हात कामं करत होते आणि त्याला ती मागाहून कळत होती. क्रूसही असाच झाला असणार. खोलीत दुसरं कोणी येतच नव्हतं.

"हात चुकला," तो म्हणाला.

"हात चुकला!" गोबेलने हातमोजा काढला, पुन्हा घातला. "लोक प्रार्थना म्हणतील हिच्यासाठी. जिवंत पोरीसाठी मेलेल्यांची प्रार्थना. काय होतं त्याने, ठाऊक आहे ना? खरवडा तो. आत्ता, माझ्यासमोर."

"खरवडतो. पण सांगून ठेवतो, मालक. खाली वर्ख आहे, आणि अंड्यातला रंग तीन दिवसांत दगड होतो. क्रूसाबरोबर सोनं येणार. नवा वर्ख लावला तरी ठिगळ दिसणार, डोक्यावर, लांबूनही."

"दिसू दे. चेहराही बदलायचाच होता. दोन्ही एकदम काढा."

टिलमनने पातं उचललं. ते हातात नेहमीसारखं बसलं. चार वेळा ‘आमच्या बापा’. त्याने डाव्या हाताचं बोट फळीला टेकवलं, आधार म्हणून, तिसऱ्या मुलीच्या खांद्याजवळ, आणि बघायचं टाळता येईना म्हणून बघितलं. तिच्या तोंडाचा एक कोपरा किंचित फुगलेला होता. त्यात पाव होता. हे त्याने काढलं होतं आणि तो विसरून गेला होता. आत कुठेतरी काही हलेल म्हणून तो थांबला. काही हललं नाही. सोन्यावर एक केस चिकटला होता, तो त्याने फुंकून उडवला.

"थांबा," बेला म्हणाली.

ती फळीजवळ आली होती, इतकी की तिचा श्वास सोन्यावर उमटून विरत होता.

"हिला काय झालं होतं?"

"घसा."

"किती दिवस?"

"चार."

बेलाने मान हलवली, जणू बाजारात कोणी भाव सांगितला होता आणि तो तिला आधीच माहीत होता.

"क्रूस राहू दे," ती म्हणाली.

"काय राहू दे?" गोबेल म्हणाला. "अगं, चार आहेत आपले."

"पाच."

गोबेलचा हातमोजा अर्धा हातात, अर्धा बाहेर राहिला.

"मागच्या वेळी नदी गोठली होती, त्या हिवाळ्यात," बेला म्हणाली. ती नवऱ्याकडे बघत नव्हती. "तुम्ही तेव्हाही अँटवर्पलाच होता."

"त्याचा बाप्तिस्मा झाला नव्हता, बेला. त्याला रांगेत धरत नाहीत."

"मुलगी होती."

खालच्या गल्लीतून हातगाडी गेली, चाकं दगडांवर खडखडत. आलाइड दोघांच्या तोंडांकडे आळीपाळीने बघत होती. हे तिला कोणी सांगितलेलं नव्हतं.

"मला कोणी सांगितलं नाही मुलगी म्हणून," गोबेल म्हणाला.

"तुम्ही विचारलं नाहीत."

"पाद्रीबाबा काय म्हणतील?"

"पाद्रीबाबांना चार नावं वाचायची आहेत. वाचू देत चार. तिला नाव नव्हतंच." तिने आता टिलमनकडे पाहिलं. तिचे डोळे कोरडे होते आणि आवाज सूत मोजून घेताना असतो तसा सरळ. "सुईणीने फडक्यात गुंडाळून नेली. मला चेहरा दाखवला नाही. म्हणाली, बघू नका बाई, उगाच लक्षात राहील. मेस्त्री, हा चेहरा राहू दे."

टिलमनच्या हातात अजून पातं होतं. ते कुठे ठेवायचं हे त्याला पटकन सुचेना.

"बाई, हा चेहरा…"

"कोणाचा आहे ते कळतंय मला. आमची पोरगी सांगतेय ना मघापासून." ती सरळ झाली. "तुमची हरकत असेल तर बोला."

"नाही," टिलमन म्हणाला.

गोबेल खिडकीशी गेला. बराच वेळ तो समोरच्या घराच्या छपराकडे बघत उभा होता. मग वळला तेव्हा तो पुन्हा व्यापारी झाला होता.

"आणि ही कुठे बसणार? की हिला चित्रातून काढून टाकली?"

टिलमनने पातं खाली ठेवलं आणि बोटं पसरून फळीवर अंतर घेतलं. हे त्याला येत होतं. तिसऱ्या आणि चौथ्या मुलीच्या पुढे, झग्यांच्या घोळावर, एक वीत जागा होती. तिथे सोनं नव्हतं, नुसता तांबडा आणि काळा रंग. त्यावर नवी आकृती चढवता येत होती.

"पुढे बसेल. या दोघींच्या पुढ्यात. डोकं यांच्या छातीशी येईल. ठेंगणी आहेच."

"मी ठेंगणी नाही," आलाइड म्हणाली. "नेसापेक्षा मीच उंच होते."

"होतीस," टिलमन म्हणाला. "अर्ध्या बोटाने."

"मग मला मागे घ्या नि तिला पुढे."

"तिचं काढून झालंय. तुझं राहिलंय. नीट बसली असतीस सप्टेंबरात तर मागे असतीस."

बेलाच्या तोंडावर काहीतरी आलं आणि गेलं. ते हसू होतं की काय, सांगता आलं नसतं.

आलाइडला त्याच स्टुलावर बसवलं. गोबेल खाली कोणाशी तरी बोलायला गेला तो परत आलाच नाही. बेला पाट्याजवळच्या बाकावर बसली आणि हात मांडीवर ठेवून समोर बघत राहिली. टिलमनने कोळशाने आधी कागदावर बाह्यरेषा घेतली. मुलगी हलत होती, नाक खाजवत होती, पण या खेपेला उठली नाही.

"नेसा कशी बसायची?"

"पाव घेऊन."

"मला पाव?"

"उपवास आहे," बेला म्हणाली.

"पाव चालतो उपवासाला."

"तुला एकदा दिला की तू संपवून उठतेस."

आलाइडने थोडा वेळ विचार केला. "मग आता रोज रात्री नेसासाठीपण म्हणायची का प्रार्थना? पाचवी?"

टिलमनने बेलाकडे पाहिलं. ती म्हणाली, "म्हणायची."

"नाव काय घ्यायचं? नेसाचं की… त्या दुसरीचं? दुसरीला नाव नाही."

"नेसाचं घे," बेला म्हणाली. "दोघींना पुरेल."

टिलमनने कोळसा बदलला. जुना अजून चांगला होता.

दुपारनंतर ते गेले. खोली एकदम मोठी वाटायला लागली. त्याने स्टूल भिंतीशी सारलं, कागद दडपणाखाली ठेवला आणि झाकायला फडकं उचललं. सूर्य खाली उतरला होता आणि उजेड खिडकीतून तिरपा, फळीला जवळजवळ समांतर येत होता. अशा उजेडात चित्र दिसत नाही, चित्राचं कातडं दिसतं. वर्खाच्या तुकड्यांचे जोड, सोनं चमकवायला सुळ्याने घासलेल्या खुणा, रंगाची जाडी. काम तपासायला तो हीच वेळ निवडायचा.

त्याने पहिला क्रूस पाहिला. आडवी रेघ उभीवरून गेली होती. जिथे ती उभीला ओलांडत होती तिथे रंगाचा बारीकसा उंचवटा होता, आडवा. दुसरा क्रूस तसाच. तिसरा, चौथा तसेच. पंचवीस वर्षं तो क्रूस असाच काढत आला होता. उभी आधी, तिची लांबी डोळ्याने ठरवायची, मग तिच्यावर आडवी.

पाचव्या क्रूसावर उंचवटा उभा होता.

त्याने बोटाचं टोक हलकेच फिरवलं. उभी रेघ आडवीवरून गेली होती. आडवी आधी ओढलेली होती. आणि म्हणून उभी खाली जरा आखूड राहिली होती, क्रूस बुटका झाला होता, अगदी थोडा, त्याच्याशिवाय कोणाला कळला नसता इतका. तो पुन्हा पहिल्यावर गेला आणि पाचही क्रूस क्रमाने बघत आला. चार एका हाताचे. पाचवा दुसऱ्या.

ढालीवर आडवा पट्टा आधी घेतात. मूठ मधे येते, म्हणून मधलं आधी. त्याचा सासरा तसं करायचा आणि सासऱ्याकडे रंग घोटायला, ढाली रंगवायला बसलेली त्याची मुलगी तसं करायची. पहिल्या वर्षी यावरून दोघांचं भांडण झालं होतं. नंतर तिने क्रूस काढायचं सोडलं आणि ती फक्त रंग घोटायला लागली.

त्याने खणातली हिंगुळाची पुडी काढली. दोरा त्याने बांधला होता तसा नव्हता. गाठ दुसरी होती.

तो स्टुलावर बसला. तो मठात असताना केव्हातरी ती आत आली होती. अंडं घेऊन उंबरा ओलांडला होता. पाटा पुसून घेतला होता, कारण पाट्यावर लाल डाग नव्हता. फडकं उचललं होतं. शुक्रवारी हा चेहरा जाणार, हे तिला माहीत होतं. त्याआधी तो नेसाचा आहे एवढं तिने त्यावर लिहून ठेवलं होतं.

सवयीने त्याने पाण्यात कुंचला बुडवला. उभी रेघ केसभर खाली वाढवली की क्रूस बाकीच्यांसारखा झाला असता. पुडी उघडीच होती. तो कुंचला हातात धरून थोडा वेळ बसला. मग त्याने कुंचल्याचं पाणी फडक्यावर टिपलं, पुडी बांधली, आणि फळी झाकली.

स्टीना अंधार पडायच्या आत परतली. टोपलीतले कपडे घडी घातलेले, कोरडे होते. तिने वाटाण्याची पेज गरम केली, सुकवलेले मासे भाजले, दोघांच्या वाट्या भरल्या. तिचे डोळे दारामागच्या खुंटीवर होते, तिथे टिलमन खरवडणं संपल्यावर पातं अडकवायचा. पातं खुंटीवर नव्हतं. ते आत, कामाच्या मेजावरच राहिलं होतं.

तो दोन घास खाऊन थांबला.

"आडवी आधी घेतली," तो वाटीकडे बघत म्हणाला, "की उभी कुठे संपवायची ते कळत नाही. क्रूस बुटका होतो."

स्टीनाचा चमचा पेजेत तसाच राहिला.

"ढालीवर चालतं," ती म्हणाली.

"ढालीवर चालतं."

"इथे?"

"इथे उभी आधी."

"बरं."

बाहेर कुनेगुंडे कोंबड्यांना आत हाकत होती आणि एकीला नाव घेऊन शिव्या देत होती. टिलमनने माशाचा काटा काढून वाटीच्या कडेला ठेवला.

"राहू दे म्हणाली," तो म्हणाला.

"कोण?"

"बेला. क्रूस राहू दे म्हणाली."

स्टीनाने वर पाहिलं. "आणि…"

"तोही."

तिने मान खाली घातली आणि ती पुन्हा खायला लागली. तीही खात होती आणि तोही. वाट्या रिकाम्या झाल्यावर तिने त्या उचलल्या. उचलताना तिने त्याचा हात वळवला, तळवा पाहिला. फोड फुटला होता.

"झोंबतंय का?"

त्याने लक्ष देऊन बघितलं.

"जरा," तो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो कामाच्या खोलीकडे गेला आणि दाराशी सवयीने अंडं उचलायला वाकला. उंबऱ्यावर अंडं नव्हतं. तो तसाच वाकलेला राहिला. दार बोटभर उघडं होतं आणि आतून पाट्यावर दगड फिरल्याचा आवाज येत होता, संथ, गोल. रंग अजून खरखरीत होता. तो मऊ व्हायला बराच वेळ लागणार होता. टिलमन सरळ झाला आणि आत न जाता बाहेरच उभा राहिला.